प्रश्न मागवावेत कसे आणि निवडावेत कसे: वर्ग व सभांसाठी डिजिटल प्रश्नफलक

व्याख्यानाच्या, तासाच्या किंवा सभेच्या अखेरीस ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. मात्र त्यावर हात वर होतात ते बहुधा पुढच्या दोन रांगांतील ठरावीक मंडळींचे, आणि उरलेल्या सभागृहाला काही शंका नव्हती असा सोयीस्कर निष्कर्ष काढून कार्यक्रम आभारप्रदर्शनाकडे वळतो. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. शंका मनात असते, परंतु उभे राहून, नाव सांगून, माइक हाती येईपर्यंत थांबून आणि ओळखीच्या माणसांदेखत ती बोलून दाखवण्याचे धाडस प्रत्येकाला होत नाही. वर्गात ‘एवढेही कळले नाही का?’ या नजरेची भीती असते, तर संस्थेच्या सभेत पदाधिकाऱ्यांशी वाकडे येण्याची.

यात वेळेचाही भाग आहे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षण-अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, प्रश्न टाकल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर विद्यार्थ्यांची उत्तरे सविस्तर होतात व त्यांच्याकडून येणारे प्रश्नही वाढतात. कोण बोलते याविषयीची निरीक्षणेही बोलकी आहेत. दहा देशांतील विद्यापीठीय चर्चासत्रांचे निरीक्षण करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रिया त्यांच्या उपस्थितीच्या मानाने कमी प्रश्न विचारतात आणि पहिला प्रश्न पुरुषाने विचारला तर हे प्रमाण आणखी घटते, असे आढळले. जिथे श्रोते उच्चशिक्षित आहेत आणि प्रश्न विचारणे हा ज्यांच्या व्यवसायाचाच भाग आहे, तिथे ही स्थिती असेल, तर आठवीच्या वर्गाची किंवा गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची कल्पना करणे अवघड नाही.

डिजिटल प्रश्नफलक हा या अडचणीवरचा एक उपाय आहे. प्रश्नफलक म्हणजे असे संकेतस्थळ किंवा अ‍ॅप, ज्यावर श्रोते आपापल्या मोबाइलवरून लेखी प्रश्न पाठवतात, इतरांचे प्रश्न वाचतात, पटलेल्या प्रश्नाला पसंतीचे मत देतात, आणि संयोजक ती यादी पडद्यावर किंवा केवळ स्वतःपुरती पाहू शकतो. या साधनाने प्रश्न विचारणे सोपे होते, यात शंका नाही; परंतु त्याच वेळी प्रश्नांची संख्या वाढते, निवड करणे भाग पडते, आणि ती निवड कोण, कोणत्या निकषावर करतो हा नवा मुद्दा उभा राहतो. म्हणून साधन कोणते घ्यावे यापेक्षा जमलेल्या प्रश्नांचे पुढे काय करायचे याचा विचार आधी व्हावा, अशी या लेखाची भूमिका आहे.

साधनाची निवड

उपलब्ध साधनांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार केवळ थेट प्रश्नोत्तरांसाठी घडवलेल्या सेवांचा. त्यात स्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा येथे २०१२ मध्ये सुरू झालेली आणि पुढे सिस्को कंपनीने विकत घेतलेली स्लायडो, तसेच स्टॉकहोमची मेंटीमीटर या सेवा अधिक प्रचलित आहेत. दुसरा प्रकार सादरीकरणाच्या किंवा दूरस्थ सभेच्या सॉफ्टवेअरमध्येच असलेल्या सोयींचा: गुगल स्लाइड्समध्ये वक्त्याच्या खिडकीतून प्रेक्षकांसाठीचे प्रश्नसत्र सुरू करता येते, ते सुरू होताच स्लाइडच्या माथ्यावर दुवा झळकतो, आणि श्रोते त्या दुव्यावर जाऊन नावाने किंवा निनावी प्रश्न पाठवू शकतात, झूमच्या वेबिनारमध्येही गप्पांच्या चौकटीपासून वेगळी अशी प्रश्नोत्तरांची चौकट असते. तिसरा प्रकार म्हणजे गुगल फॉर्मसारखी साधी प्रश्नावली, जिच्यात एकमेकांचे प्रश्न दिसत नाहीत आणि मतेही देता येत नाहीत, परंतु सभेच्या आठवडाभर आधीपासून प्रश्न गोळा करायचे असतील तर तिच्याइतके बिनखर्चाचे आणि सरावाचे साधन दुसरे नाही.

निवड करताना पाहण्याची पहिली गोष्ट ही की श्रोत्याला खाते उघडावे लागते का किंवा अ‍ॅप उतरवून घ्यावे लागते का. तसे असेल तर ते साधन सभेसाठी निरुपयोगी समजावे, कारण पासवर्ड आठवण्यातच निम्मे लोक गळतात. त्यानंतर विनाशुल्क योजनेत किती श्रोते सामावतात, प्रश्न पडद्यावर येण्याआधी ते तपासण्याची सोय त्या योजनेत आहे का, आणि सत्र संपल्यावर यादी उतरवून घेता येते का, हे पाहावे. या मर्यादा कंपन्या वारंवार बदलत असल्यामुळे मागच्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. व्हॉट्सअ‍ॅपचा गट सर्वांच्या हाताशी असतो हे खरे. परंतु गटात प्रश्न टाकणाऱ्याचा क्रमांक आणि नाव सर्वांना दिसते, प्रश्न शुभेच्छांच्या आणि अंगठ्यांच्या गर्दीत वर सरकून दिसेनासा होतो, आणि एकाच मुद्द्यावरचे दहा संदेश एकत्र करता येत नाहीत. त्यामुळे प्रश्नफलकाचा दुवा पोहोचवण्यापुरता तो गट वापरावा; प्रश्न तिथे मागवू नयेत.

निनावीपणाच्या पायऱ्या

प्रश्न निनावी असावेत की नावानिशी, यावर सरसकट उत्तर देता येत नाही. व्यवहारात निनावीपणाच्या तीन पायऱ्या असतात: प्रश्नकर्ता कोणालाच माहीत नसणे, तो केवळ संयोजकाला माहीत असणे, आणि त्याचे नाव प्रश्नासह सर्वांना दिसणे. वर्गात पहिली पायरी बहुतेक वेळा योग्य ठरते, कारण तिथे प्रश्न विषयाविषयीचा असतो आणि तो कोणाचा आहे याने उत्तर बदलत नाही. उलट नाव उघड होणार असेल, तर ज्याला सर्वात कमी समजले आहे तोच विद्यार्थी सर्वात आधी मागे हटतो. निनावीपणाचा गैरफायदा घेऊन एखादा विद्यार्थी थट्टेचा मजकूर पाठवील ही शिक्षकांची धास्ती अनाठायी नाही. परंतु त्यावरचा उपाय नाव मागणे हा नसून प्रश्न आधी तपासून मग पडद्यावर आणणे हा आहे.

सहकारी संस्थेच्या सभेचे तसे नाही. तिथे प्रश्न विचारणे हा सभासदाचा हक्क आहे आणि हिशेबावरच्या प्रश्नाची नोंद इतिवृत्तात होणे अपेक्षित असते. इतिवृत्त म्हणजे सभेत झालेल्या कामकाजाची अधिकृत लेखी नोंद, आणि तिच्यात ‘कोणीतरी विचारले’ असे लिहून भागत नाही. त्याच वेळी शेजारीपाजारी राहणाऱ्या माणसांना चारचौघांत नाव येण्याचा संकोच वाटणे हेही स्वाभाविक आहे. अशा ठिकाणी मधली पायरी उपयोगी पडते: प्रश्नासोबत सदनिका क्रमांक घ्यावा, तो केवळ छाननी करणाऱ्या व्यक्तीला दिसावा, सभेत प्रश्न नावाविना वाचावा, आणि इतिवृत्तात नाव हवे की नको हे सभासदाला विचारूनच ठरवावे. छाननी करणारी व्यक्ती व्यवस्थापन समितीबाहेरची असेल तर लोकांचा विश्वास अधिक बसतो.

जे ठरले ते श्रोत्यांना स्पष्ट शब्दांत सांगणे आणि यंत्रणेने ते खरोखर पाळणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. गुगल फॉर्मच्या बाबतीत इथे हमखास चूक होते. ‘प्रश्न निनावी आहेत’ असे शीर्षकात लिहिलेले असते, परंतु मांडणीच्या पर्यायांत ईमेल पत्ता नोंदवण्याची सोय चालू राहिलेली असते. शाळा-महाविद्यालयांनी दिलेल्या खात्यांतून बनवलेल्या फॉर्ममध्ये ती आपोआप चालू असण्याची शक्यता अधिक असते. ‘एका व्यक्तीला एकच प्रतिसाद’ हा पर्याय निवडला तर भरणाऱ्याला खात्यात प्रवेश करावा लागतो, आणि मग पत्ता नोंदला जात नसला तरी निनावीपणावर कोणाचा विश्वास बसत नाही. म्हणून दोन्ही पर्याय बंद करावेत, आणि दुवा पाठवण्यापूर्वी दुसऱ्याच्या मोबाइलवरून, खात्याबाहेर राहून तो एकदा उघडून पाहावा.

अल्पवयीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत कायद्याचेही भान हवे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ‘बालक’ मानली असून तिची वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, हे त्या कायद्याचे सर्वसाधारण सूत्र आहे. वर्गातील शंका जमवण्यासाठी मुलांचे नाव, ईमेल किंवा मोबाइल क्रमांक यांपैकी कशाचीच गरज नसते. तेव्हा ही माहिती न मागणे हाच शिक्षकासाठी सर्वात सुरक्षित आणि सोपा मार्ग होय.

मतांचा कौल आणि त्याच्या मर्यादा

श्रोत्यांनी एकमेकांच्या प्रश्नांना मते द्यावीत आणि अधिक मते मिळालेला प्रश्न वर यावा, ही कल्पना वरवर पाहता निर्दोष लोकशाहीची वाटते. तिच्या मर्यादांचे एक ठळक उदाहरण अमेरिकेत २६ मार्च २००९ रोजी दिसले. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या व्हाइट हाउसने अर्थव्यवस्थेविषयी जनतेकडून इंटरनेटवर प्रश्न मागवले होते आणि त्यासाठी गुगलचे मॉडरेटर हे मतदानावर चालणारे साधन वापरले होते. सुमारे ९३ हजार लोकांनी १ लाखाहून अधिक प्रश्न पाठवले आणि ३५ लाखांहून अधिक मते दिली. परंतु संघटित गटांनी हिरिरीने मते टाकल्यामुळे अनेक विभागांत गांजाला कायदेशीर मान्यता देण्याविषयीचे प्रश्न सर्वात वर आले, आणि राष्ट्राध्यक्षांना त्या मुद्द्याचा उल्लेख करून तो थोडक्यात आटोपावा लागला. ज्यांना एखादा विषय लावून धरायचा आहे असा लहान परंतु शिस्तबद्ध गट विखुरलेल्या बहुसंख्येवर सहज मात करतो, हे पन्नास सदनिकांच्या संस्थेतही तितकेच खरे असते.

मतांच्या पद्धतीत दुसरा, कमी लक्षात येणारा दोष आहे. जो प्रश्न आधी येतो तो अधिक वेळ दिसतो, म्हणून त्याला अधिक मते मिळतात. मते मिळाल्याने तो वर जातो, वर गेल्याने आणखी लोकांच्या नजरेस पडतो, आणि पंधराव्या मिनिटाला आलेला अधिक मार्मिक प्रश्न यादीच्या तळाशी राहतो. व्याख्यान ऐकल्यावर सुचलेले प्रश्न स्वभावतःच उशिरा येतात आणि व्याख्यानापूर्वी ठरवून आणलेले प्रश्न आधी येतात, ही गोष्ट ध्यानात घेतली तर या दोषाचे गांभीर्य पटेल. त्यावर उपाय असा की प्रश्न स्वीकारण्याच्या पहिल्या टप्प्यात यादी नव्या प्रश्नांच्या क्रमाने दाखवावी किंवा मतदान बंदच ठेवावे, आणि प्रश्न येणे थांबल्यावर पाच मिनिटे केवळ वाचून मते देण्यासाठी द्यावीत.

संसदीय कामकाजातून इथे बरेच शिकण्यासारखे आहे. लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. त्यात एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. कोणाचे प्रश्न यादीत यावेत याचा क्रम मतांनी ठरत नाही, तो सोडतीने ठरतो, आणि जो तारांकित प्रश्न वेळेअभावी पुकारला जात नाही त्याचेही लेखी उत्तर सभागृहापुढे ठेवले जाते. म्हणजे निवडीत संधीचा समान वाटा आहे, आणि निवड न झालेला प्रश्नही अनुत्तरित राहत नाही. वर्गाला किंवा सभेला ही व्यवस्था जशीच्या तशी नको. परंतु उपलब्ध वेळेतील निम्मे प्रश्न मतांनुसार, काही छाननी करणाऱ्याच्या विवेकानुसार आणि एखाददुसरा सोडतीने घ्यावा, व हे प्रमाण सुरुवातीलाच जाहीर करावे, असा मेळ घालता येतो. सोडतीचा एक प्रश्न ठेवल्याने ज्याला एकही मत मिळाले नाही त्यालाही आशा राहते, आणि अनेकदा त्याच प्रश्नातून अनपेक्षित असे काही हाती लागते.

छाननी: एकत्र करावे, बोथट करू नये

छाननी म्हणजे आलेल्या प्रश्नांतून पुनरुक्ती काढणे, समान मुद्द्यांचे प्रश्न जोडणे आणि असभ्य मजकूर वगळणे. हे काम वक्त्याने किंवा अध्यक्षाने स्वतः करू नये, कारण बोलता बोलता वाचणे शक्य नसते आणि अडचणीचा प्रश्न टाळण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. छाननी करणाऱ्याची खरी कसोटी प्रश्न जोडताना लागते. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेपूर्वी पाण्याच्या खर्चावर चार प्रश्न आले असे समजू: ‘टँकरचा खर्च एवढा कसा वाढला?’, ‘बोअरवेल चालू असताना टँकर कशाला?’, ‘टँकरचा ठराव कुठल्या सभेत झाला?’ आणि ‘टँकरवाला सेक्रेटरींच्या नात्यातला आहे हे खरे का?’ हे सर्व मिळून ‘पाणीपुरवठ्याच्या खर्चाविषयी माहिती द्यावी’ असे गुळमुळीत वाक्य केले, तर चारही सभासदांची फसवणूक झाली असे म्हणावे लागेल. चौथा प्रश्न आरोपाच्या भाषेत आहे म्हणून तो काढून टाकणेही योग्य नाही, कारण त्याच्या पोटात एक रास्त शंका आहे. योग्य मांडणी अशी होईल: ‘टँकरवरचा खर्च मागील वर्षापेक्षा किती वाढला, बोअरवेल असताना तो का करावा लागला, त्यास कोणत्या सभेने मंजुरी दिली, आणि पुरवठादार निवडताना किती दरपत्रके मागवली होती?’ यात व्यक्तीवरचा रोख गेला, परंतु विचारायचे होते ते सर्व राहिले. दरपत्रकांच्या उत्तरातून नातेसंबंधाच्या शंकेचाही निकाल लागतो.

सुधारलेला प्रश्न मूळ प्रश्नकर्त्याला मान्य आहे का, हे विचारण्याची सोय अनेक साधनांत नसते. म्हणून मूळ प्रश्न जसेच्या तसे जपून ठेवावेत आणि सभेनंतर मागणाऱ्याला दाखवण्याची तयारी असावी. वगळलेल्या प्रश्नांची संख्या व कारण जाहीर करण्याने कटुता कमी होते.

कसा विचारला तर प्रश्न येतात

‘काही शंका असल्यास विचारा’ या आवाहनाला फलकावरही शांतताच मिळते. फक्त ती डिजिटल असते. नेमके विचारले तर नेमके मिळते. हार्वर्ड विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक मोस्टेलर हे तासाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून लहानशा कागदावर, आज सर्वात महत्त्वाचे काय वाटले, सर्वात धूसर काय राहिले आणि कशाविषयी आणखी ऐकायला आवडेल, एवढेच लिहून घेत आणि पुढच्या तासाची सुरुवात त्या कागदांच्या आधारे करत. १९८९ मध्ये त्यांनी या पद्धतीवर लेख लिहिला. त्यातील ‘सर्वात धूसर मुद्दा कोणता?’ हा प्रश्न कोणत्याही फलकावर वापरण्याजोगा आहे, कारण त्यात काहीतरी धूसर राहिले असणारच हे गृहीत धरलेले असते आणि विद्यार्थ्याला आपले अज्ञान कबूल करावे लागत नाही.

दहावीच्या वर्गात प्रकाशाचे अपवर्तन शिकवून झाले असेल, तर ‘समजले का?’ असे विचारण्याऐवजी ‘हवेतून काचेत शिरणारा किरण स्तंभिकेकडे झुकतो, हे वाक्य वाचून तुमच्या मनात कोणता “का” उभा राहतो?’ असे फलकावर लिहावे आणि दोन मिनिटे पूर्ण शांतता राखावी. ‘स्तंभिकेकडेच का, दूर का नाही?’, ‘वेग कमी झाला म्हणून दिशा का बदलावी?’, ‘किरण सरळ आत शिरला तर का झुकत नाही?’ असे प्रश्न येऊ लागतात, आणि पाठ केलेली व्याख्या कुठे अपुरी पडते हे शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात दिसते. तीस-चाळीस प्रश्न आले तरी त्यांचे खरे मुद्दे तीन-चारच असतात. ते हेरणे हेच शिक्षकाचे काम, आणि ते कोणत्याही यंत्रावर सोपवू नये.

ज्यांच्या हाती मोबाइल नाही

डिजिटल साधनांच्या उत्साहात ही बाब सर्वाधिक दुर्लक्षित राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. म्हणजे प्रश्न केवळ क्यूआर कोडवरून स्वीकारायचे ठरवले, तर ज्यांचा आवाज वाढावा म्हणून हा खटाटोप, त्यांतीलच अनेक जणी बाहेर राहतात. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. त्या सभेत तोंडी आलेले प्रश्न एखाद्या शिक्षिकेने किंवा बचत गटातील ताईने मोबाइलवर उतरवून फलकावर टाकले, तर दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ते इतर प्रश्नांच्या बरोबरीने, तितक्याच मोठ्या अक्षरांत दिसतील. जिथे फलक असेल तिथे चिठ्ठ्यांसाठी प्रश्नपेटीही असावी, आणि चिठ्ठीवरचा प्रश्न एका स्वयंसेवकाने त्याच यादीत नोंदवावा, हा नियम अपवादाविना पाळावा.

शाळांसाठी प्लिकर्स हे साधन याच कारणाने उपयोगी आहे. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला छापील सांकेतिक आकृतीचे एक कार्ड दिलेले असते. कार्डाची कोणती बाजू वर धरली त्यावरून अ, ब, क किंवा ड असे उत्तर ठरते, आणि शिक्षक एकाच मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवून सर्वांची उत्तरे नोंदवतो. मुलांच्या हाती एकही उपकरण लागत नाही. खुले प्रश्न यातून जमवता येत नसले, तरी फळ्यावर चार उपघटक लिहून ‘यांपैकी कोणता पुन्हा समजावून हवा?’ एवढे विचारले, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाचे काम भागते.

मराठीतून प्रश्न

फलकाची सूचना मराठीत असली म्हणजे प्रश्न मराठीत येतील असे नाही. देवनागरी टंकनाचा सराव नसलेला श्रोता रोमन लिपीत मराठी लिहितो किंवा मोडक्या इंग्रजीत दोन शब्द टाकून मोकळा होतो, आणि त्यात प्रश्नाचा नेमकेपणा हरवतो. यासाठी रोमन लिपी चालेल हे स्पष्ट लिहावे, तसेच मोबाइलच्या कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले तर अक्षरे आपोआप उमटतात, हे सुरुवातीला एकदा करून दाखवावे. ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात या एका प्रात्यक्षिकाने मोठा फरक पडतो.

शब्दमेघ नावाची सोय मात्र मराठीसाठी जपून वापरावी. शब्दमेघात श्रोत्यांनी पाठवलेले शब्द पडद्यावर दिसतात आणि जो शब्द अधिक जणांनी पाठवला तो मोठ्या अक्षरांत दिसतो. मराठीत विभक्ती प्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि जोडशब्दातील दुसरे पद मूळ शब्दाला जोडून येतात, त्यामुळे ‘पाणी’, ‘पाण्याचा’, ‘पाण्यासाठी’ आणि ‘पाणीपट्टी’ हे यंत्राच्या लेखी चार वेगळे शब्द ठरतात आणि चारही लहान दिसतात, तर ‘पार्किंग’सारखा शब्द एकाच रूपात आल्याने ठळक होतो. पाण्याचा प्रश्न अधिक लोकांना भेडसावत असूनही पडद्यावर पार्किंग मोठे दिसले, तर सभेची दिशाच चुकते. शब्दमेघ वापरायचाच असेल तर उत्तर एका शब्दात, प्रत्यय न लावता द्यावे, असे सांगावे. अन्यथा सरळ यादी अधिक प्रामाणिक.

सभागृहातील तयारी

तांत्रिक बाजू फारशी गुंतागुंतीची नाही. क्यूआर कोड किती अंतरावरून वाचायचा आहे त्याच्या एक दशांश रुंदीचा तो असावा, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे शेवटची रांग पडद्यापासून १२ मीटरवर असेल तर कोड पडद्यावर सव्वा मीटरच्या आसपास दिसायला हवा. ते शक्य नसेल तर तो कागदावर छापून खुर्च्यांवर ठेवावा, आणि खाली संकेतस्थळाचा पत्ता व अंकी कोडही मोठ्या अक्षरांत द्यावा. तळघरातील किंवा जाड भिंतींच्या सभागृहात मोबाइलचे जाळे मिळते का हे आदल्या दिवशी पाहावे. एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर साधारण आठ-दहा उपकरणेच चालतात, त्यामुळे त्यावर शंभर श्रोत्यांची भिस्त ठेवू नये.

वेळेचा हिशेब मात्र आधीच मांडावा. एका प्रश्नाला वाचन, उत्तर आणि एक उपप्रश्न धरून तीन मिनिटे लागतात, तेव्हा पंधरा मिनिटांत पाचच प्रश्न होतात. चाळीस प्रश्न जमणार असतील तर पस्तीस उरणार, हे सभा सुरू होण्यापूर्वीच माहीत असते. हे उरलेले प्रश्न हाच खरा जबाबदारीचा भाग आहे. फलकावर प्रश्न लिहिणाऱ्याने आपली शंका नोंदवली आहे, तिला इतरांनी मते दिली आहेत, आणि ती नोंद सर्वांनी पाहिली आहे; अशा प्रश्नाकडे दुर्लक्ष होणे हे न विचारलेल्या प्रश्नापेक्षा अधिक लागते, आणि पुढच्या वेळी फलक रिकामा राहतो. शिक्षकाने उरलेल्यांतील दोन प्रश्नांनी पुढचा तास सुरू करावा आणि बाकीच्यांची चार-चार ओळींची उत्तरे वर्गाला लेखी द्यावीत. संस्थेने ती इतिवृत्तासोबत जोडून सभासदांना पाठवावीत.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत व्हाव्या लागतात आणि त्यांची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. हिशेबपत्रके त्याच सूचनेसोबत वाटली आणि प्रश्नांचा दुवाही तिच्यातच छापला, तर सभासदांना आकडे वाचून विचारपूर्वक प्रश्न लिहायला पंधरवडा मिळतो, समितीला कागदपत्रे शोधून ठेवायला वेळ मिळतो, आणि अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत रात्री दहा वाजता पेटणारे वाद पुष्कळ कमी होतात. त्या सूचनेत प्रश्न कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारले जातील, त्यांची छाननी कोण करेल आणि वेळेअभावी राहिलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे कोणत्या तारखेला मिळतील, हे तीन तपशील संयोजकांनी अवश्य लिहावेत. लेखी उत्तरांची तारीख देता येत नसेल, तर त्या वर्षी फलक उघडू नये.